न आलेल्यांची नोंद

जुलैत भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही धानाच्या गावात सकाळी अकराला सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन जा. भेटतील ती म्हातारी माणसं, लहान पोरं आणि दारांना लावलेली कुलपं. बाकी गाव रोवण्याला बांधीत उतरलेलं असतं. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन फेलोशिपवर नुकतीच रुजू झालेली मुलं इथे पहिल्यांदा अडतात. प्रश्नावली पक्की असते, टॅब चार्ज केलेला असतो, उत्तर द्यायला माणूस नसतो. मग कुणी संध्याकाळी सातनंतर परत जातं, तर कुणी जे भेटले त्यांच्यावरच अहवाल लिहून मोकळं होतं. फेलोशिप कामी येणार की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

अशी फेलोशिप म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांनाही सांगताना ही मुलं गडबडतात. ही नोकरी नव्हे आणि नवी पदवीही नव्हे. एमपीएच, एमबीबीएस, बीएएमएस, दंतवैद्यक, नर्सिंग किंवा समाजकार्य शिकलेल्या पंचवीस-तिशीतल्या तरुणांनी वर्ष-दोन वर्षं एखाद्या भागात राहायचं, मानधन घ्यायचं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली लोकांच्या आरोग्याचं काम शिकायचं, अशी ही व्यवस्था. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची नसते, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही नसते. बरेच फेलो याबद्दल कुरकुरतात. माझ्या मते हाच या कामाचा सर्वांत मोठा फायदा. ज्याला आदेश काढता येत नाही, त्याला लोकांना विचारत बसावं लागतं.

हा विचार काही आजचा नाही. 1946 च्या भोर समितीने डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ व्हावा म्हणून प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं होतं. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गावात शिबिरासाठी राहायला पाठवलं. वाट्याला आलेल्या कुटुंबांचं आरोग्य त्यांनी पुढेही पाहायचं, अशी रीत पडली. त्याच्या पुढच्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम मांडलं आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली. सेवाग्रामची रीत देशाच्या अभ्यासक्रमात यायला अर्धं शतक लागलं!

फेलो असलेल्या कुणालाही मी आधी डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सुरुवातीच्या वर्षांकडे पाहायला सांगेन. जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन दोघं 1986 मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा तेही तिशीतच होते. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्यातल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. दवाखान्याचं रजिस्टर उघडलं असतं तर या भागात स्त्रीरोग फारसे नाहीतच, असा निष्कर्ष निघाला असता.

सामुदायिक आरोग्याचं सारं शास्त्र या एका अभ्यासात आहे. ओपीडीचं रजिस्टर आलेल्यांची नोंद ठेवतं, ते भागाकारातला वरचा आकडा देतं. खालचा आकडा, म्हणजे एकूण किती माणसं आहेत आणि त्यातली कोण आलीच नाहीत, तो गावात बसून काढावा लागतो. वरचा आकडा यंत्रणेकडे भरपूर असतो, रोज वरिष्ठांना जातो. खालचा बऱ्याचदा अंदाजाने भरतात. बालमृत्यूंचा मोठा वाटा सरकारी नोंदीत येतच नाही, हे 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने मांडलं, तेव्हा गदारोळ झाला तो याच खालच्या आकड्यावरून.

भंडाऱ्यात याचा धडा हत्तीरोग देतो. पूर्व विदर्भाचा हा पट्टा हत्तीरोगाचा जुना मुलूख. घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. जंतूंची पिल्लं माणसाच्या रक्तात रात्री वर येतात, म्हणून रक्तनमुने रात्री आठ ते बाराच्या दरम्यान घ्यावे लागतात. पाय सुजायला अनेक वर्षं लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि डासांमार्फत दुसऱ्याला रोग देत राहतो. त्यामुळे औषध आजाऱ्याला न देता सगळ्या गावाला द्यायचं, असा या मोहिमेचा हिशेब आहे. दोन वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी एवढेच वगळायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे एकूण लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी गोळ्या खायला हव्यात. आता प्रश्न असा, की वाटलेल्या गोळ्या मोजायच्या की गिळलेल्या? वाटलेल्या मोजणं सोपं, आकडाही देखणा येतो. पण ‘जेवण झाल्यावर घेतो’ म्हणून फडताळात ठेवलेली गोळी जंतू मारत नाही. म्हणूनच आशाताईने समोर उभं राहून गोळी खायला लावायची, असा नियम केला. ‘मला कुठं हत्तीपाय झालाय?’ असं विचारणाऱ्या तगड्या गड्यापुढे ती काय बोलते, हे ऐकणं कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मोलाचं.

दुसरा धडा ताटातला. धान कापणीला येण्याआधी बांधीतल्या ओलीवर लाखोळी टाकायची, ही इथली जुनी पद्धत. वेगळी नांगरट नको, पाणी नको. या डाळीत एक विषारी घटक असतो. दुष्काळात महिनोन् महिने दुसरं काही न मिळता तीच खाल्ली, तर पायांना कायमचा लुळेपणा येतो. त्यालाच लॅथिरिझम म्हणतात. 1961 मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. तरी इथल्या घराघरांत लाखोळीचं वरण शिजतच राहिलं. पुढे विषारी घटक कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण आले. शहरातून आलेल्या फेलोने आहाराच्या फॉर्मवर फक्त तूर, मूग, हरभरा छापून आणला, तर त्याला लाखोळी दिसणारच नाही. आणि ‘बंदी असलेली डाळ खाता का?’ असं विचारलं, तर खरं उत्तर मिळणार नाही.

सिकलसेलचं तसंच. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी ठरली आणि 2047 ही मुदत घातली गेली. रक्ताचा थेंब घेणं सोपं आहे. वाहक निघालेल्या मुलीचं कार्ड लग्नाच्या बोलणीत घरचे लपवतात, तेव्हा पुढे काय करायचं, हे मोहिमेच्या तक्त्यात बसत नाही.

आणि भंडाऱ्यात काम करणाऱ्याने 9 जानेवारी 2021 विसरू नये. त्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळं गेली. ‘बाळंतपण दवाखान्यातच करा’ असं आपण आयाबायांना वर्षानुवर्षं सांगतो. दवाखाना सुरक्षित आहे का, हे तपासणंही मग सार्वजनिक आरोग्याचंच काम होतं. अग्निसुरक्षेचे कागद पाहणं हे आपलं काम नव्हे, असं कुठल्याही फेलोने म्हणू नये.

एक तक्रार मात्र फेलोशिप चालवणाऱ्यांकडे. हजार लोकसंख्येमागे एक आशा, तिच्याकडे रजिस्टरांची चवड. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी 42 दिवसांत सहा गृहभेटी तिनेच द्यायच्या. गडचिरोलीत गावातल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. ते काम 1999 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यातूनच या भेटी देशभर आल्या. आधीच इतकं काम असलेल्या आशाताईकडून नवा फेलो आपला नवा फॉर्म भरून घेतो, वर्षाने सादरीकरण करतो आणि पुढच्या शहरात जातो. त्या फॉर्मातून काय निघालं, हे तिला कुणी सांगत नाही. वर्षभराची फेलोशिप मला म्हणूनच अपुरी वाटते. पहिलं वर्ष गाव कळण्यात जातं. एक रोवणा आणि एक कापणी पाहिल्याशिवाय ते कळत नाही. खरं काम दुसऱ्या वर्षी सुरू होतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचंही नाव आहे. गंभीर रुग्णाला नागपूरला हलवायची सवय लागलेल्या जिल्ह्यात आता डॉक्टर घडणार आहेत. त्यांना दत्तक मिळणारी कुटुंबं याच सात तालुक्यांतली असतील. फेलो आणि हे विद्यार्थी एकाच गावात वेगवेगळ्या याद्या घेऊन फिरू नयेत, एवढं तरी महाविद्यालयाने आणि जिल्हा परिषदेने आत्ताच ठरवावं.

भंडाऱ्यातल्या वाचकांना एक विनंती. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते. आशाताई तिच्यात असतात, थोडा निधीही येतो, पण बऱ्याच गावांत बैठक कागदावरच होते. तुमच्या गावात कुणी फेलो आला, तर त्याच्यासाठी ही बैठक खरोखर भरवा, तीही संध्याकाळी, रोवण्याहून माणसं परतल्यावर. त्याने काय मोजलं आणि कोण मोजायचं राहिलं, हे त्याला विचारा. आणि जाण्याआधी त्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या.