राम वाईरकर आणि चित्रकथेतील निवेदन



‘निवेदक’ ही संज्ञा कथा-कादंबरीच्या अभ्यासात तुम्ही वारंवार वापरली आहे. घटना कोण सांगतो, किती सांगतो, काय राखून ठेवतो, कोणाच्या बाजूने झुकतो, हे प्रश्न विचारल्याशिवाय कथेचे विवेचन पुरे झाले असे आपण मानत नाही. हेच प्रश्न चित्रकथेला विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही. चित्रकथा म्हणजे मुलांचे वाचन आणि चित्रे म्हणजे मजकुराची सजावट, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळते. या लेखात आपण ती समजूत तपासणार आहोत आणि त्यासाठी एका मराठी चित्रकाराचे काम समोर ठेवणार आहोत. राम वाईरकर हे त्यांचे नाव. नाव कदाचित तुमच्या ओळखीचे नसेल. चित्रे मात्र तुमच्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिली असतील. ‘अमर चित्र कथा’ या मालिकेतील ‘कृष्ण’ हा अंक त्यांनी चितारला, आणि ‘टिंकल’मधला सुप्पंडीही त्यांच्याच रेषेतून उतरला.

एक वाक्य आणि काही चौकटी

चित्रकथाकाराचे काम नेमके काय असते, हे आधी एका उदाहरणाने पाहू. पुढील वाक्य घ्या : ‘धिमी लोकल विक्रोळीला थांबली आणि कमल गर्दीतून कशीबशी बाहेर पडली.’ लेखकाने कमलचे वय सांगितलेले नाही. ती साडी नेसली आहे की पंजाबी ड्रेस घालून आहे, हातात डबा आहे की भाजीची पिशवी, बाहेर ऊन आहे की पाऊस, यांतले काहीच सांगितलेले नाही. वाचकाचे त्यावाचून अडत नाही. चित्रकाराचे मात्र पहिल्याच रेषेला अडते. त्याला कमलला चेहरा द्यावा लागतो, वय द्यावे लागते, अंगावर कपडे द्यावे लागतात. फलाट पूर्वेकडून दाखवायचा की पश्चिमेकडून, पुलावरून खाली पाहायचे की गर्दीच्या उंचीवरूनच पाहायचे, हेही त्यालाच ठरवावे लागते. पुलावरून पाहिले तर कमल शेकडो डोक्यांतले एक डोके होते. चेहऱ्याजवळून पाहिले तर बाकीची गर्दी तिच्यासाठी केवळ भिंत होते. वाक्य तेच, पण अर्थ दोन.

पुढचा प्रश्न चौकटींचा. हे वाक्य एका चौकटीत बसवावे की तीन चौकटींत? पहिल्या चौकटीत गाडी थांबते, दुसऱ्या चौकटीत दारात अडकलेला एक हात आणि पिशवीचा बंद दिसतो, तिसऱ्या चौकटीत गाडी निघून गेली आहे आणि कमल फलाटावर पदर सावरत उभी आहे. ती बाहेर पडली तो क्षण तीनही चौकटींत काढलेला नाही. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमधल्या पांढऱ्या पट्टीत घडला आणि तुम्ही तो मनातल्या मनात पुरा केला. चित्रकथेतील काळ असा चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेतून वाहतो. कोणता क्षण दाखवायचा आणि कोणता वाचकावर सोपवायचा, ही निवड निवेदकाची असते. संहिता लिहिणारा वेगळा असला, तरी ही निवड मोठ्या प्रमाणात चित्रकाराच्या हाती राहते.

चित्रांतून कथा सांगण्याची ही रीत आपल्याकडे परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा तुम्हाला लोकसाहित्याच्या अभ्यासात भेटते. तेथे रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे पोथीसारखी ओळीने मांडलेली असतात आणि कथेकरी एकेक चित्र पुढे करीत, वाद्यांच्या साथीने आख्यान गातो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी आणि छापील चित्रकथा यांत एक फरक आहे आणि तो लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. चित्रकथीत चित्राशेजारी जिवंत माणूस बसलेला असतो. चित्र काय म्हणते ते तो खुलवू शकतो, त्यावर शंका घेऊ शकतो, थट्टाही करू शकतो. छापील अंकात हा माणूस नसतो.

‘कृष्ण’

‘अमर चित्र कथा’ मालिकेची सुरुवात १९६७ची. संपादक अनंत पै हे कारकळचे. मुंबईत रसायनतंत्रज्ञान शिकलेले आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या इंद्रजाल कॉमिक्सशी संबंध आलेले हे गृहस्थ. दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातील प्रश्नाचे उत्तर आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना या मालिकेची कल्पना सुचली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’. साधारण १९६९-७०च्या सुमारास आलेल्या या अंकाची संहिता पै यांची आणि चित्रे वाईरकरांची. भारतीय विषयांची जी मालिका आज आपण ओळखतो, ती खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. पुढे तिचे चारशेहून अधिक अंक निघाले, आणि प्रकाशकांच्या सांगण्याप्रमाणे सर्व भाषांतील मिळून १० कोटींहून अधिक प्रती खपल्या.

वाईरकरांपुढची अडचण समजून घ्या. कृष्णाची चित्रे घरोघर होतीच. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. विक्रोळीच्या अलीकडचे स्टेशन जे घाटकोपर, तेथेही तो काही काळ होता, आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याने आणि त्यामागून आलेल्या दिनदर्शिकांनी देवांना ठरावीक चेहरे दिले होते. पण दिनदर्शिकेतील देव समोर पाहत स्थिर उभा असतो, कारण त्याचे काम दर्शन देणे हे आहे. चित्रकथेतील देवाला पळावे लागते, पाठमोरे व्हावे लागते, झाडावरून उडी मारावी लागते, आणि या सगळ्या धावपळीत तो प्रत्येक चौकटीत तोच आहे असे वाचकाला चटकन ओळखू यावे लागते. त्याला बत्तीस पानांत बाळाचा किशोर आणि किशोराचा तरुणही व्हायचे असते. वाईरकरांनी दिनदर्शिकेतला चेहरा घेतला आणि त्याला परदेशी साहसकथांच्या चौकटीतील चपळ शरीर दिले, असे या अंकाचे वर्णन करता येईल. खर्च आटोक्यात राहावा म्हणून सुरुवातीच्या अंकांची आतील पाने पिवळा, निळा आणि हिरवा अशा मोजक्या रंगांतच छापली जात. एखाद्या ऐतिहासिक युद्धकथेला ही मर्यादा जाचक ठरली असती. कृष्णकथेला मात्र ती मानवली असावी, असे मला वाटते : देह निळा, पीतांबर पिवळा, वृंदावन हिरवे.

आता मुख्य मुद्दा. मराठीत ‘म्हणे’ असा एक छोटा शब्द आहे. ‘कृष्णाने गोवर्धन उचलला’ आणि ‘कृष्णाने म्हणे गोवर्धन उचलला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या वाक्यात निवेदक घटनेपासून एक पाऊल मागे सरकतो, ऐकीव गोष्टीची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही. ‘असे सांगतात’, ‘कथा अशी आहे की’, ‘भाविकांची श्रद्धा आहे की’ ही सारी याच कुळातील वाक्ये. गद्याला ही सोय आहे. पिंगुळीच्या कथेकऱ्यालाही आहे, कारण तो आवाज बदलू शकतो. चित्राला ती नाही. डोंगर करंगळीवर काढला की तो उचललेला असतो. निवेदनपट्टीत कितीही सावध शब्द लिहिले, तरी डोळा आधी चित्राकडे जातो, आणि चित्र म्हणते, हे घडले.

पै यांना ही अडचण जाणवली होती. आरंभी त्यांचा कल कृष्णाचे चमत्कार सौम्य करण्याकडे होता; वाचकांना मात्र चमत्कार हवे होते, आणि नंतरच्या सुधारित आवृत्तीत ते अधिक उघडपणे आले. या ओढाताणीत शेवटचा निर्णय ज्याच्या कुंचल्याने कागदावर उतरायचा, तो चित्रकार होता. श्रद्धा आणि कथा यांची सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न तुमच्या-आमच्या पिढ्यांसाठी काही अंशी अशा चौकटींनीच सोडवून टाकला, आणि तो सुटला हे आपल्या लक्षातही आले नाही.

या प्रभावाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवली आहे. मालिकेतील नायक बहुधा उजळ वर्णाचे व रेखीव नाकाचे, तर असुर काळेसावळे, जाड ओठांचे आणि विक्राळ. संहितेत ‘राक्षस’ एवढाच शब्द असतो. त्याचा वर्ण चित्र ठरवते. स्त्रियांच्या चित्रणाबद्दलही असेच आक्षेप आले. ही टीका मालिकेतील अनेक चित्रकारांच्या कामाला लागू पडते आणि वाईरकरांना तीतून वगळण्याचे कारण नाही. त्यांनी हे संकेत निर्माण केले नाहीत, ते दिनदर्शिका, नाटक व चित्रपटांतून आलेले होते. परंतु ‘मी फक्त प्रचलित तेच सांगितले’ ही सबब आपण कादंबरीच्या निवेदकाकडून ऐकून घेत नाही, मग ती चित्रकाराकडूनही घेऊ नये.

सुप्पंडी

अमर चित्र कथेतच बिरबलाच्या गोष्टी चितारताना वाईरकरांची दुसरी प्रकृती दिसू लागली होती. १९८० मध्ये अनंत पै यांच्याच संपादनाखाली ‘टिंकल’ सुरू झाले, तेव्हा तिला मोकळे रान मिळाले. १९८३ मध्ये सुप्पंडी आला. मूळ गोष्टी तमिळ लोककथांतील भोळसट नोकराच्या, एका वाचकाने पाठवलेल्या. त्याला रूप वाईरकरांनी दिले : काटकुळी अंगकाठी, लांबट चमत्कारिक डोके आणि चेहऱ्यावर कामाविषयीची अपार निष्ठा. माझ्या मते वाईरकरांचे खरे मोठेपण येथे आहे. कृष्णाची रेषा उत्तम आहे, पण तशी रेषा त्या काळात आणखी काही जणांकडे होती. सुप्पंडी मात्र तीन-चार रेषांत ओळखू येतो, आणि त्याच्याकडे एकदा पाहिले की पुढे काय होणार याची धास्ती वाटू लागते.

मराठीच्या विद्यार्थ्याला सुप्पंडीत विशेष रस वाटायला हवा, कारण त्याचा विनोद शब्दशक्तींवर उभा आहे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना यांपैकी सुप्पंडीला केवळ अभिधा समजते. समजा, मालक सांगतो, ‘दुधावर लक्ष ठेव.’ लक्ष्यार्थ असा की दूध उतू जाऊ देऊ नकोस. वाच्यार्थ एवढाच की त्याच्याकडे पाहत राहा. सुप्पंडी पाटावर बसून एकटक पाहत राहतो, दूध फसफसून शेगडीवर सांडते, आणि तो पाहतच राहतो. हे गद्यात सांगताना आपल्याला ‘तरीही’, ‘बिचारा’, ‘मोठ्या इमानाने’ असे शब्द पेरावे लागतात, आणि शब्द पेरले की विनोद थोडा फसतोच. चित्रात सांडणारे दूध आणि समाधानी चेहरा एकाच चौकटीत शेजारी असतात. निवेदकाने तोंड उघडलेले नसते.

नोकराच्या भोळेपणावर हसणे कितपत योग्य, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि यायला हवा. मालक बसलेला, नोकर उभा, चूक नेहमी नोकराची, ही मांडणी त्या घराघरांतली आहे जिथे असे अंक विकत घेतले जात. पण चौकटी बारकाईने पाहिल्या तर मालकाचा चेहरा दरवेळी अधिक हास्यास्पद झालेला दिसतो. हात डोक्याला, डोळे बाहेर, तोंड वासलेले. सुप्पंडी मात्र शांत असतो. मोघम हुकूम सोडणाऱ्याची ही फजिती आहे, असेही वाचता येते, आणि तसे वाचण्याची मुभा संहितेपेक्षा वाईरकरांची रेषाच अधिक देते.

नाव कोणाचे

अनंत पै यांना भारतभरची मुले ‘अंकल पै’ म्हणून ओळखत, त्यांना पत्रे लिहीत. वाईरकरांचे नाव आतल्या बाजूस बारीक अक्षरांत राहिले. चित्रकथा ही सामुदायिक निर्मिती असते : संपादक, संहिताकार, चित्रकार, अक्षरलेखक, रंग भरणारे, शिवाय निरनिराळ्या भाषांतील अनुवादक. अंक मराठीत येतो तेव्हा फुग्यांतील शब्द बदलतात, चित्र तेच राहते. म्हणजे मराठी, तमिळ आणि बंगाली वाचक वाचतात त्या तिन्ही अंकांत अक्षरशः समान असा निवेदक एकच, चित्रकार. तरी ‘हे पुस्तक कोणाचे?’ या प्रश्नाला आपण त्याचे नाव सांगत नाही.

२००३ मध्ये वाईरकरांचे निधन झाले. त्यानंतर सुप्पंडी चितारण्याचे काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांच्याकडे आले. हात बदलला तरी पात्र तेच आहे असे मुलांना वाटत राहते. लेखक गेल्यावर त्याची कादंबरी दुसऱ्याने पुढे लिहिली तर आपण तिला सहसा त्याची कादंबरी म्हणत नाही. लोककथेच्या बाबतीत मात्र हे नेहमीच घडते. सुप्पंडी आला होता तो लोककथेतूनच, हे येथे विसरू नका.

स्वाध्यायासाठी

सुप्पंडीचे किंवा बिरबलाचे एक पान मिळवा. घरात नसेल तर जवळच्या वाचनालयाच्या बालविभागात पाहा, तेथे संकोच करण्याचे कारण नाही. सर्व संवादफुगे कागदाच्या कपट्यांनी झाका आणि केवळ चित्रांवरून ती गोष्ट दहा-बारा वाक्यांत लिहून काढा. मग कपटे काढून मूळ मजकूर वाचा. तुमच्या लेखनात आलेली, परंतु मूळ मजकुरात नसलेली प्रत्येक गोष्ट अधोरेखित करा. ती तुम्हाला कोणी सांगितली, याचे उत्तर वहीत लिहा आणि संपर्कसत्राला येताना वही सोबत आणा.