जिजाऊंच्या माहेरी एक संध्याकाळ

सुटीत नातवंडं आली की पहिले चार दिवस लाडू-चकलीत जातात. पाचव्या दिवशी "आजी, कंटाळा आला" सुरू होतं. बुलढाण्याकडच्या किंवा जालन्याच्या आजीने अशा वेळी सिंदखेडराजाची वाट धरावी. जालन्याहून मेहकरकडे जाताना हे गाव लागतं. लोणारचं सरोवर मात्र त्याच दिवशी उरकू नये; मुलं दमतात आणि दोन्ही ठिकाणं नुसती फोटोत उरतात. १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव मोठा देखणा, पण लहान मूल हाताशी असेल तर ती गर्दी नको.

आम्ही गेलो ते उन्हं उतरल्यावर. नात दहाची, नातू सातचा. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि एक जुनी चादर. (चटणी दशमीतच गुंडाळून न्यावी, म्हणजे हात धुवायचा खटाटोप वाचतो.)

लखुजीराव जाधवांचा राजवाडा आधी पाहावा. इथेच १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. नातवाला तळघरं आवडली, तिथून त्याला बाहेर काढणं हेच एक काम! रंगमहालात मी रंगपंचमीची गोष्ट सांगितली. जिजा आणि शहाजी ही मुलं एकमेकांवर रंग उडवताना पाहून लखुजीराव थट्टेने म्हणाले, जोडा शोभतो. आणि शहाजींच्या वडिलांनी, मालोजींनी, तो शब्द धरून ठेवला, असं सांगतात. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, मुलांना भारी आवडते. पुतळा बारवेत उतरताना मात्र मुलांचा हात सोडू नये. भिंतीवरच्या मूर्ती वरूनही दिसतात.

लखुजीरावांच्या समाधीपाशी आम्ही खूप वेळ रेंगाळलो. भव्य घुमटाची ही वास्तू बापाबरोबर दोन मुलांचं आणि एका नातवाचंही स्मारक आहे. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारी, लखुजीराव, अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दग्याने मारण्यात आलं. शिवाजीराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. बायकांना हिशोब सांगायला नको. माहेरावर हा घाला आला तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेले असणार.

त्याआधीच खंडागळे यांच्या पिसाळलेल्या हत्तीवरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले होते. त्यात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी आणि सासरचे संभाजी भोसले, दोघेही गेले. नातीने विचारलं, "मग जिजाऊंनी बाजू कुणाची घेतली?" आमचे हे लगेच म्हणाले, "स्वराज्याची!" मला काही ते पटलं नाही. स्वराज्य तेव्हा कुठे होतं? एकीकडे भाऊ, एकीकडे दीर. पाठ्यपुस्तकात जिजाऊ नेहमी आईच असतात. त्या कुणाची लेक, कुणाची बहीण होत्या, हे इथे येऊनच मुलांना कळतं.

याच समाधीच्या परिसरात २०२४ साली पुरातत्त्व खात्याला खोदकामात शेषशायी विष्णूची सुरेख मूर्ती सापडली. ते ऐकल्यावर नातू काठीने माती उकरू लागला, त्याला दटावावं लागलं.

शेवटी मोती तलाव. दगडी बांधापाशी चादर अंथरली, दशम्या सोडल्या. नातीचं अजून तेच चाललेलं, "म्हणजे तिला माहेर उरलंच नाही का गं?" मी सांगितलं, एक भाऊ, बहादुरजी, वाचले, पण माहेरची माणसं त्यानंतर मोगलांकडे गेली. मात्र मोगलांच्या घोड्यांना पाण्यात दिसायचे ना, त्या संताजी-धनाजींतले धनाजी जाधव अचलोजींच्याच वंशातले. नातवाने दशमी खाली ठेवली आणि तलावाच्या पाण्यात वाकून पाहिलं.