पोथी, वहिवाट आणि लाठी

पनवेलजवळच्या कोन गावाहून पळस्पे फाट्याला यावे आणि गोव्याचा रस्ता धरावा, म्हणजे शिरढोण, पेण, नागोठणे, माणगाव अशी गावे मागे टाकीत आपण महाडास पोहोचतो; आणि श्रद्धावान माणसाने केलेल्या हिंसेचा दोष त्याच्या धर्मग्रंथाला द्यावा की नाही, या प्रश्नाचा उलगडा करू पाहणाऱ्या मराठी वाचकाला दूरदेशीचे दाखले शोधीत बसण्याचे कारण राहत नाही, कारण हा प्रश्न ज्या ठिकाणी सभेत, अग्नीपुढे आणि न्यायासनासमोर असा तिन्ही परींनी तपासला गेला, ते ठिकाण आपल्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात आहे.

सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या वा राखलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने 1923 साली मंजूर केला आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे त्याप्रमाणे खुले केले. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याच्या पायऱ्या कोणी उतरेना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेसाठी आलेल्या आपल्या अनुयायांसह त्या पायऱ्या उतरले आणि ते पाणी प्याले. नंतर गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी दोन घास खात बसलेल्या माणसांना मारहाण झाली, शिजलेले अन्न धुळीत मिसळले, काहींनी जवळच्या मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. प्रतिनिधींत लष्करात नोकरी केलेले, हात उचलला असता तर भारी पडले असते असे पुष्कळ जण होते. त्यांना आंबेडकरांनीच आवरले. आणि यानंतर जे घडले ते मला मारहाणीहूनही अधिक बोलके वाटते: तळ्यातून 108 घागरी पाणी उपसून बाहेर टाकण्यात आले, पंचगव्य आत सोडण्यात आले, मंत्र म्हटले गेले आणि पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले.

लाठी चालविणाऱ्यांपैकी मनुस्मृती वाचलेला माणूस क्वचितच कोणी असेल; बहुतेकांना तिचे संस्कृत लागलेही नसते. ग्रंथाचा बचाव करणारे नेमके येथेच बोट ठेवतात, की ज्याने पोथी उघडलीच नाही त्याच्या कृत्याचा आरोप पोथीवर कसा येईल? वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड दिसतो, परंतु धर्मग्रंथ समाजात वाचनाने जगतो या गृहीतावर तो उभा आहे आणि ते गृहीतच खोटे आहे. ग्रंथ वहिवाटीने जगतो. तो पाणवठ्यावर कोण कोठे उभा राहील यात असतो, कोणाच्या सावलीने कोण विटाळतो यात असतो. आणि वहिवाटीला कोणी आधार विचारला, की उत्तरादाखल पोथी पुढे केली जाते, मग ती विचारणाऱ्याने वाचलेली नसो की सांगणाऱ्यानेही. त्या 108 घागरी कोणा एकाच्या संतापाने उपसल्या गेल्या नाहीत. संतापाला विधी सुचत नाही, तो परंपरेने हाती दिलेला असावा लागतो.

न्यायालयातही वाद वहिवाटीवरच आला. स्पृश्यांपैकी काहींनी डिसेंबर 1927 मध्ये दावा लावला की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना ते वर्ज्य असण्याची वहिवाट अनादी आहे, आणि त्यावर मनाई हुकूमही मिळविला. नऊ वर्षांहून अधिक काळ प्रकरण चालले. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, सांगितली जाते तशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही, असा निकाल दिला. शास्त्राच्या बळावर जिला सनातन म्हटले जात होते, ती पुराव्याच्या कसोटीला उतरली नाही.

आता ग्रंथाकडे पाहू. क्षमा, अस्तेय, सत्य, अक्रोध यांना धर्माची लक्षणे म्हणणारी मनुस्मृतीच द्विजाची निर्भर्त्सना करणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्यास सांगते, चांडाळाची वस्ती गावाबाहेर आणि त्याचे जेवण फुटक्या भांड्यांत ठरवून देते. येथे अर्थ लावणाऱ्याला दोष देऊन सुटका नाही. दंड कोणता आणि कोणाला, हे स्पष्ट शब्दांत आहे. मात्र हाच ग्रंथ वेद, स्मृती आणि सदाचार यांच्या जोडीला स्वतःच्या अंतःकरणाच्या समाधानालाही धर्माचे प्रमाण मानतो. ते चौथे प्रमाण महाडच्या मांडवात कोणाला आठवले असते तर?

गीतेची गोष्ट निराळी आहे, आणि दोहोंना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. टिळकांनी जून 1897 मध्ये अफजलखानाच्या वधाचे समर्थन गीतेच्या आधारे केले, त्याच महिन्यात पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्याच गीतेतून अहिंसा आणि निष्काम सेवा सांगितली. गांधींच्या नित्य प्रार्थनेत गीता होती, आणि त्यांचा खून करणारा नथुराम गोडसे 15 नोव्हेंबर 1949 रोजी फाशी गेला तो गीता हाती घेऊनच. जेथे ग्रंथ युद्धभूमीवरचा संवाद आहे आणि कोणत्या माणसाला कोणती शिक्षा द्यावी याची यादी नाही, तेथे वाचणाऱ्याचा वाटा मोठा आणि ग्रंथाचा लहान. अमेरिकेत गुलाम राखणारे आणि गुलामगिरी मोडू पाहणारे, दोघेही बायबलातलीच वचने काढीत, हेही येथे ध्यानात घ्यावे.

याच मुद्द्यावर 1936 साली दोन थोर माणसांची गाठ पडली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांच्या नियोजित भाषणातला मजकूर पाहून आपली परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यात त्यांचे म्हणणे असे, की जात पाळणारा हिंदू दुष्ट नाही, तो धर्मनिष्ठ आहे, म्हणून त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला ही शिकवण देणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्यच नष्ट केले पाहिजे. गांधींनी ‘हरिजन’मधून उत्तर दिले, की धर्माची परीक्षा त्याच्या हीनतम नमुन्यांवरून करू नये, ती श्रेष्ठांवरून करावी, आणि बुद्धीला न पटणारे वचन ईश्वराचे मानू नये. गांधींचे म्हणणे संताला पुरते. पण महाडच्या मांडवात मार खाणाऱ्यापुढे जमाव उभा होता. संत कोणी नव्हता, आणि जमावाच्या अंगी श्रेष्ठांची निवड करण्याची शक्ती नसते. आंबेडकरांचे निदान मला खरे वाटते ते यासाठी, की ते माणसाला माणूस म्हणून सोडवते आणि जबाबदारी जेथे लेखी आहे तेथे टाकते.

मारहाण झाली त्याच 1927 सालाच्या अखेरीस महाडला दुसरी परिषद भरली. मांडवासाठी हिंदूंकडून जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी तेथे मनुस्मृती जाळण्याचा ठराव आला आणि त्याच रात्री ती जाळण्यात आली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या ग्रंथाने ज्या वर्णाला सर्वांहून वर बसविले, त्याच वर्णातल्या माणसाने चारचौघांत उभे राहून सांगितले, की यातले काही मला बंधनकारक नाही. ठरावाला अनुमोदन पां. ना. राजभोजांनी दिले.