पटवून द्या, नाहीतर पाळा
लेखमाला : ग्रीकांचा कायदा, आपले राज्य (भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला तत्त्वज्ञ राजा पाहिला. राज्यकर्ता शहाणा असेल तर बारीकसारीक कायदे लागत नाहीत, असा तिथला सूर होता. पण न्यायसभाच चुकली, तर साध्या नागरिकाने काय करायचे? हा प्रश्न प्लेटोच्याच ‘क्रायटो’ या छोट्या संवादात आहे.

इ.स.पू. ३९९. सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात आहे. अजून उजाडलेले नाही. जुना मित्र क्रायटो येतो आणि नुसता बसून राहतो. इतकी शांत झोप मोडणे त्याच्या जिवावर येते. सॉक्रेटिस जागा झाल्यावर तो सांगतो : पैशांची तजवीज झाली आहे, थेसलीत माझी माणसे आहेत, चल.

सॉक्रेटिस म्हणतो, आपण निघालो आणि अथेन्सचे कायदेच वाट अडवून उभे राहिले तर? ते म्हणतील : आमच्या आधाराने तुझ्या आईबापांचे लग्न लागले, तू वाढलास, शिकलास. आम्ही पसंत नसतो तर चीजवस्तू घेऊन कुठेही जायला तू मोकळा होतास. तू गेला नाहीस, म्हणजे तू आम्हाला कबूल केलेस. आम्ही चुकत असू तर तसे पटवून दे, नाहीतर पाळ.

पण याच सॉक्रेटिसने न्यायसभेला ठणकावले होते, की तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर सुटका मिळाली तरी मी ती अट मानणार नाही. मग तो कायदा पाळणारा की मोडणारा? मला वाटते, उत्तर उघडपणात आहे. तो नकार सर्वांसमक्ष देतो, शिक्षा अंगावर घेतो, पण लपून पळत नाही. पटवून देण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि सर्वांत महागडा.

गांधीजींनी हे ओळखले होते. सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचे सार त्यांनी १९०८ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून गुजरातीत दिले. त्यांच्या लेखी सॉक्रेटिस सत्याग्रहीच होता.

आपल्या वर्धा जिल्ह्याने तर हे डोळ्यांनी पाहिले. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी विनोबांचे नाव आधीच जाहीर केले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले. गावोगाव बोलत राहिले, २१ तारखेला देवळीला पकडले गेले आणि तीन महिन्यांची शिक्षा त्यांनी मुकाट्याने भोगली. ज्यांच्या संमतीवाचून कायदा लादला होता, ते लोकसुद्धा तो लपून मोडत नव्हते.

पहाटे जाम चौरस्त्यावर एसटीची वाट पाहताना राँग साइडने येणारी मोटारसायकल दिसते. नागपूरकडून हैदराबादला जाणारे ट्रक भरधाव असतात, तरी वळसा वाचवायचा असतो. पोलीस नाही, कोण बघतंय? त्या गाडीवानाला नियम चुकीचा वाटत नाही. इतरांनी तो पाळावा, असेच त्यालाही वाटते. म्हणून मला त्याची काळजी वाटते. तो कुणाला काही पटवून देत नाही आणि पाळतही नाही. क्रायटोच्या हाकेला त्या पहाटे मिळालेला नकार खरे तर त्याच्यासाठी आहे.

पुढच्या आठवड्यात : प्लेटोचा ‘लॉज’ हा ग्रंथ, आणि कायद्याला प्रस्तावना का हवी.