पगार घटवला, पण जामिया बंद पडू दिली नाही : कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन

डॉ. झाकीर हुसेन म्हटलं की जुन्या लोकांना देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती आठवतात. (नव्या पिढीला तबलानवाज उस्ताद आठवतात, ते वेगळे.) पण राष्ट्रपती ते जेमतेम दोन वर्षं होते. त्याच्या कितीतरी आधी बावीस वर्षं जामिया मिल्लिया इस्लामियाचे आणि मग आठ वर्षं अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. त्यांची खरी कमाई तिथली आहे.

जन्म १८९७ चा, हैदराबादचा. घराणं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं. लहानपणीच वडील गेले, पुढे प्लेगने आईही गेली. १९२० मध्ये ते अलीगढला शिकत होते. गांधीजी आणि अली बंधूंनी तिथे येऊन सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणावर बहिष्कार घाला, असं आवाहन केलं. जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांत झाकीर साहेब होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया सुरू झाली. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही.

पुढे ते बर्लिनला गेले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. इकडे खिलाफत चळवळ थंडावली आणि तिच्या फंडावर चालणारी जामिया बंद करावी की काय, अशी चर्चा सुरू झाली. बर्लिनहून निरोप आला : बंद करू नका, आम्ही येतोय. १९२६ मध्ये मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन या दोस्तांसह ते परतले आणि २९ व्या वर्षी कुलगुरू झाले. जामिया तेव्हा दिल्लीत करोल बागेत भाड्याच्या इमारतींत होती.

पुढच्याच वर्षी जामियाचे मोठे आधार हकीम अजमल खान यांचा इंतकाल झाला. पैशाची पार ओढाताण झाली. तेव्हा १९२८ मध्ये शिक्षकांनी एक अंजुमन स्थापन केली आणि कबूल केलं : वीस वर्षं इथेच काम करू आणि महिन्याला १५० रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. झाकीर साहेब त्याहून कमीच घेत. संस्था काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण खर्चाला कात्री लावताना सुरुवात स्वतःच्या पगारापासून करणारे किती, हे आपलं आपणच मोजावं.

कुलगुरू असूनही त्यांचा जीव गुंतला होता तो लहान मुलांच्या शाळेत. त्या मदरशात मुलांची स्वतःची दुकान आणि बँक होती, हिशेब मुलंच ठेवत. बर्लिनमध्ये ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाई इथे शिकवायला आल्या. मुलं त्यांना आपाजान म्हणत. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तर दगड बसवायला मंत्री नाही की नवाब नाही. सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या हातून तो बसवला.

त्यांचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आला तो वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. मुलांनी हाताने काम करत शिकावं आणि त्या कामातून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना. झाकीर साहेबांनी भर परिषदेत शंका काढली : कमाईवर जोर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील. गांधीजींनी समितीचं अध्यक्षपद दिलं ते याच माणसाला. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने, अशी शिफारस समितीने केली आणि राबवून घेण्याच्या धोक्याचा इशाराही अहवालात दिला. यात सामाजिक न्यायाचा मुद्दा सरळ होता : विणकराचा आणि वकिलाचा मुलगा एकाच वर्गात सूत कातेल, तर हाताचं काम हलकं कसं राहील? मुस्लिम लीगने योजनेवर कडक टीका केली. दीनी तालीम तिच्यात नाही, ही मोठी तक्रार होती. ही तक्रार निव्वळ राजकारण म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. पालकांची काळजी खरी होती. पण मोफत शाळा आणि मायबोली, यांचा फायदा सगळ्यात जास्त आपल्याच गरीब मुलांना झाला असता.

नोव्हेंबर १९४६. देशात दंगली पेटलेल्या, आणि जामियाच्या रौप्यमहोत्सवाच्या एकाच मंचावर नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली. झाकीर साहेबांनी त्यांना तोंडावर विनवलं की आग कुणी लावली हे नंतर बघू, आधी ती विझवा. वर्षही झालं नव्हतं तोच जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांनाच घेरलं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने जीव वाचवला.

तरी ते भारतातच राहिले, आणि १९४८ मध्ये अलीगढची जबाबदारी घेतली. फाळणीनंतर त्या विद्यापीठाकडे सगळे संशयाने बघत होते. अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी पाकिस्तानात गेले होते. त्यांचं म्हणणं दोन्ही बाजूंना होतं : अलीगढ देशाच्या कामात कसा भाग घेतं, यावर इथल्या मुसलमानांचं देशातलं स्थान ठरेल आणि देश अलीगढशी कसं वागतो, यावर आपल्या राष्ट्रीय जीवनाचं रूप ठरेल. १९५६ पर्यंत त्यांनी विद्यापीठाची घडी पुन्हा बसवली.

जामियाला विद्यापीठाचा अभिमत दर्जा मिळाला १९६२ मध्ये, आणि केंद्रीय विद्यापीठ ती झाली १९८८ मध्ये. झाकीर साहेब ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच गेले. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे.