रिझर्व्हचे किलोमीटर

दर वर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्याजवळच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. त्या दिवशी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची नेहमीची वाहतूक दुसरीकडून वळवली जाते. नगरकडून पुण्याला निघालेल्या गाड्या शिरूरजवळ न्हावरा फाट्याला आत वळतात. मग न्हावरे, भीमेवरचा पारगावचा पूल, केडगाव-चौफुला, यवत आणि शेवटी हडपसर. सरळ रस्त्याने शिरूर ते पुणे साधारण ६५ ते ७० किलोमीटर भरते, या वळशाने ते शंभराच्या घरात जाते. काटा तळाला टेकलेला असताना "पुण्यात गेल्यावर टाकू" म्हणून शिरूर सोडलेल्या माणसाचा हिशेब त्या फाट्यावरच मोडतो.

२०२४ च्या १ जानेवारीला तर आणखी एक गोष्ट घडली. नव्या न्याय संहितेतल्या 'हिट अँड रन'च्या तरतुदीविरोधात ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. राज्यात ठिकठिकाणी पंपांवर रांगा लागल्या, काही पंप कोरडे पडले. २ तारखेच्या रात्री केंद्र सरकारशी बोलणी होऊन आंदोलन मागे घेतले गेले. पुण्याचे इंधन येते कुठून, हे त्या दोन दिवसांत अनेकांना पहिल्यांदा कळले असेल. मुंबईहून आलेली पाइपलाइन लोणी काळभोरच्या डेपोत उतरते, पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जाते. पण डेपोतून पंपापर्यंत तेल आणतो तो टँकरच, आणि तो थांबला की डेपो हाकेच्या अंतरावर असूनही उपयोग नसतो.

अशा दिवशी काट्याकडे सगळेच बघतात. एरवी मात्र दिवा लागला तरी "अजून पन्नास किलोमीटर आरामात जाते" असे सांगणारा एक जण प्रत्येक गाडीत असतो. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते, म्हणून तर ते धोक्याचे.

काटा नेमके काय मोजतो, ते आधी पाहू. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो, तसा गाडीच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो आणि दांडीचे दुसरे टोक विजेचा रोध कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर सरकते. तेल खाली गेले की फ्लोट खाली, पट्टीवरची जागा बदलते, प्रवाह बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. म्हणजे काट्याला लिटर कळत नाहीत, त्याला फक्त एका ठिकाणची पातळी कळते. टाकी काही चौकोनी डबा नसते. मागच्या सीटखाली, सायलेन्सरचा पाइप आणि चासी सांभाळत ती वेडीवाकडी बसवलेली असते. म्हणून कित्येक गाड्यांत वरचा अर्धा भाग रेंगाळत उतरतो आणि खालचा भराभर. गाडी चढावर किंवा रस्त्याच्या कडेला कलती उभी असेल, तर तीच पातळी वेगळी दिसते. खड्ड्यांत तेल हिंदकळते तेव्हा काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ केलेला असतो. त्यामुळे नुकतेच काय घडले ते तो जरा उशिराच सांगतो.

काटा तळाला आला म्हणजे टाकी कोरडी नसते, कारण कंपन्याच थोडे तेल राखून ठेवतात. दिवा लागतो तेव्हा बहुतेक गाड्यांत टाकीच्या दहा-पंधरा टक्के तेल शिल्लक असते, लहान गाडीत पाच-सहा लिटर. नेमका आकडा मात्र मॉडेलनुसार बदलतो. शेजाऱ्याची गाडी दिव्यानंतर सत्तर किलोमीटर गेली म्हणून आपलीही जाईल, असे नाही.

ही राखीव तेलाची सोय जुनी आहे. १९७२ पासून आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकला तेलाचा काटा नव्हता, कॉक होता. गाडी आचके द्यायला लागली की चालवणारा खाली हात घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पुढचा पंप शोधायचा. आत दोन वेगवेगळ्या उंचीची तोंडे असत. उंच तोंड कोरडे पडले, की खालच्या तोंडाने तळातले तेल यायचे. जगभर गाजलेल्या फोक्सवॅगन बीटललाही १९६१ पर्यंत काटा नव्हता, असाच एक कॉक होता. फोर्डच्या मॉडेल टीची गंमत आणखी वेगळी. तिच्यात तेल टाकीतून आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरायचे, पंप नव्हता. टाकी कमी भरलेली असताना मोठा चढ लागला, की तेल इंजिनापर्यंत पोहोचायचे नाही. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

त्या कॉकचा एक मोठा गुण होता. तो हाताने फिरवावा लागे, म्हणून रिझर्व्ह सुरू झाल्याचे विसरता येत नसे. आजचा पिवळा दिवा लागतो आणि चार किलोमीटरवर नजरेला त्याची सवय होते.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत २०१७ पासून जीप कंपास बनते. अशा आजच्या गाड्यांत 'अजून इतके किलोमीटर' हा आकडाच पडद्यावर येतो आणि तो फार पक्का वाटतो. प्रत्यक्षात तो मागच्या काही अंतरातल्या अ‍ॅव्हरेजवरून काढलेला अंदाज असतो. सोलापूर रस्त्याने चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एकसारखी आलेली गाडी '६०' दाखवते. तीच गाडी लोणी काळभोर-हडपसरच्या गर्दीत शिरली, की अर्ध्या तासात दहा किलोमीटर जाते आणि आकडा मात्र वीस-पंचविसाने खाली येतो. नगर रस्त्यावर शिक्रापूरचा चौक आणि वाघोली, चतुर्थीला रांजणगावच्या महागणपतीची गर्दी, सगळीकडे हेच. एसी लावून जागेवर उभी असलेली लहान पेट्रोल गाडीसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर पिते. रिझर्व्हचे पाच लिटर किलोमीटरमध्ये मोजायची सवय असते. कोंडीत ते तासांत मोजावे लागतात.

दुसरा बदल टाकीच्या आतच झाला आहे. २०१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्याला या धोरणाचे महत्त्व सांगायला नको. मळी आणि रसाला मिळालेला तो एक नवा दर आहे. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हेही तितकेच खरे. ई-२० साठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज त्यामुळे थोडे उतरते. दहा वर्षांपूर्वी दिवा लागल्यावर शिरूरहून पुण्यात आणून सोडणारी तीच गाडी, झिजलेल्या इंजिनासह, आज वाघोलीतच आचके देऊ शकते. चालवणाऱ्याच्या डोक्यातला आकडा जुना राहिलेला असतो.

चुकीच्या आकड्यावर केलेला बरोबर हिशेब काय करतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून इंधन आकडेमोड करून भरले गेले. लागणार होते २२,३०० किलो. पण गुणाकारात किलोऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले. ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते विमान तरंगत नेऊन गिमली या जुन्या हवाई तळावर उतरवले, ६९ जण वाचले. रस्त्यावरच्या गाडीला इतके कौशल्य लागत नाही, पण तिला धावपट्टीही मिळत नाही.

आता टाकीत वाकून पाहू. पेट्रोल गाडीचा विजेवर चालणारा पंप आज टाकीतच बुडवलेला असतो. मेकॅनिक मागची सीट उचलतो, खालचे गोल झाकण काढतो आणि पंपाचा सगळा संच वर ओढतो. त्याच्या तळाशी पातळ जाळीची एक पिशवी असते, पांढरी. जुन्या गाडीत ती बाहेर येते तेव्हा चहाच्या चोथ्यासारखी काळी-तपकिरी झालेली दिसते. "काटा खाली गेला की कचरा ओढतो" हे गॅरेजमधले वाक्य अर्धे खरे आहे. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच तेल खेचतो, त्यामुळे तळातला गाळ कायमच जाळीवर येत असतो. तेल कमी असताना तोच गाळ थोड्या तेलात घुसळला जातो, एवढाच फरक. खरे नुकसान उष्णतेचे असते. या पंपाला थंड ठेवतो आणि आतून वंगण देतो तो तेलाचाच प्रवाह. पातळी खाली गेली, की वळणावर तेल एका बाजूला सरते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि तो कोरडा फिरतो. एकदा असे झाल्याने पंप जात नाही. पण महिनोन्‌महिने दिव्यावरच गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो आणि दोन-तीनशे रुपयांचे तेल पुढे ढकलण्याची किंमत काही हजारांत मोजावी लागते.

डिझेल गाडी संपूर्ण कोरडी पडली तर त्रास त्याहून मोठा. पाइपमध्ये हवा शिरते, मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'एअर घेते'. मग पाच लिटर डिझेल ओतूनही ती चालू होत नाही. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबत राहायचे, हवा काढायची आणि मग सेल्फ मारायचा. ज्यांना हे माहीत नसते ते सेल्फ मारमारून बॅटरी उतरवतात. आजच्या कॉमन रेल इंजिनांत उच्च दाबाच्या पंपाला डिझेल हेच वंगण असल्याने तेथेही झीज होते.

यंत्राचे नुकसान भरून येते. गाडी कुठे थांबते, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. न्हावरे ते चौफुला या पट्ट्यात गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. ओव्हरटेक करणारा जीव मुठीत धरूनच पुढे येतो. अशा रस्त्यावर दिवे मंद झालेली गाडी अर्धी डांबरावर उभी राहणे म्हणजे मागून येणाऱ्याला अपघाताचे आमंत्रण. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होऊ शकते. ब्रेकचा जोरही एक-दोनदा दाबण्यापुरताच उरतो, नंतर पेडल दगडासारखे होते. म्हणून आचके सुरू झाले, की इंडिकेटर देऊन वेग असेतोवरच गाडी पूर्ण साइडपट्टीवर घ्यावी. धावत्या गाडीची चावी काढू नये, स्टिअरिंग लॉक होते. डिकीतला लाल त्रिकोण गाडीजवळ न ठेवता मागे पन्नास पावलांवर ठेवावा, आणि माणसांनी गाडीत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहावे.

बाटली घेऊन पंपावर चालत जायचे दिवसही संपले. सुट्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपावर नकार मिळतो आणि तो योग्यच आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक दिवस-रात्र चालतो, संकटात ११२ आहेच. आतल्या रस्त्यावर मात्र ओळखीच्या माणसाला फोन लावण्याशिवाय पर्याय नसतो.

दिवा लागलेलाच असेल आणि पंप लांब असेल, तर वेग ४५ ते ५५ ठेवावा, वरच्या गिअरमध्ये, एकसारखा. उतारावर न्यूट्रल करून तेल वाचते ही समजूत इंजेक्शनच्या गाड्यांत खोटी आहे. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तेलाचा पुरवठा थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जाळावेच लागते. शिवाय ताबा जातो तो वेगळाच.

आपल्या गाडीचे रिझर्व्ह किती, हे मात्र रस्त्यावर बंद पडून शोधायची गरज नाही. पुढच्या वेळी दिवा लागला की सरळ जवळच्या पंपावर जाऊन टाकी फुल करावी, पहिल्या 'टक'ला थांबावे आणि पावतीवरचे लिटर बघावेत. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची. तिच्यात ३१ बसले तर दिवा लागताना साधारण सहा शिल्लक होते. हा आकडा कागदावर लिहून सनशेडच्या मागे चिकटवा, आणि शिरूर किंवा दौंड सोडताना काटा पावाच्या खाली असेल तर आधी पंपावर गाडी घ्या.