आबाळ आणि हेळसांड



मुलांच्या दुःस्थितीविषयी बोलताना आपण दोन शब्द सरमिसळ वापरतो : हेळसांड आणि आबाळ. पण हेळसांड कोणीतरी करतो, आबाळ होते. वेळ, पैसा, माणूस हाताशी असूनही मुलाकडे न पाहणे ही हेळसांड. यांपैकी काहीच नसल्यामुळे पाहता न येणे ही आबाळ. मुलाला दोन्हींचा चटका सारखाच बसतो. उपाय मात्र निराळे आहेत, आणि आपली चूक तेथेच होते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन पाहा. उंबऱ्याशी बाई बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. म्हणजे मुलासाठी जितक्या वेळा ती उठेल, तितकी मजुरी घटणार. नवरा यंत्रमागावर बारा-बारा तास उभा. रांगते मूल तंबाखूच्या धुळीत, आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची अक्का. एकाची आबाळ टाळण्यासाठी दुसरीची शाळा बुडते. त्यात दारूची भर पडली, की आबाळीची हेळसांड व्हायला वेळ लागत नाही. आणि हे केवळ गरिबांचेच दुखणे आहे असेही नाही. सुखवस्तू घरात रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल देऊन आपण मोकळे होतो, त्याला काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परिणाम काय होतो? वजन घटते, आजार रेंगाळतात, हे दिसते. न दिसणारा परिणाम अधिक खोल असतो. रडूनही कोणी येत नाही हे कळले, की मूल रडायचे थांबते. आपण म्हणतो, “किती शहाणे!” वस्तुतः त्याने आशा सोडलेली असते. याचा शास्त्रीय पुरावा रुमानियात मिळाला. तेथील अनाथगृहांतील १३६ मुलांचा अभ्यास २००० च्या सुमारास सुरू झाला. निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेवली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांची बुद्धी व माया लावण्याची शक्ती अधिक सावरली. अनाथगृहात छप्पर होते, अन्न होते. हाकेला ओ देणारे आपले माणूस नव्हते.

मग आईबापांना शिक्षा करावी काय? २०१५ च्या बालन्याय कायद्यात जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की, आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल टाकले असेल, तर ते हेतुपुरस्सर मानू नये. म्हणजे आपल्या भाषेने केलेला भेद कायद्यानेही मानला. आपल्याच जिल्ह्यात हे शहाणपण फार जुने आहे. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या माणसाने आधी आसरा उभा केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रतिबंधाचा खरा मार्ग हाच. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. १९६६ च्या विडी कायद्यातही तशी तरतूद होती. परंतु पाळणाघर कारखान्याला बांधलेले, आणि विडी तर घरोघरी गेलेली! २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडी आली. ताराबाई मोडकांनी मुलांच्या अंगणात नेलेल्या बालवाडीची ती परंपरा. पण अंगणवाडी काही तासांची, सूप दिवेलागणीपर्यंतचे. म्हणून हवे वस्तीतच दिवसभराचे पाळणाघर. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर काढले. आई जेथे राबते तेथे पाळणा जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. पंचवीस वर्षे मी मागणीपत्रके लिहिली. मजुरी, महागाई भत्ता, बोनस, फंड आणि शेवटी पाळणाघर. तडजोडीत पहिल्याने तेच खोडले जाई, आणि खोडणारा हात पुष्कळदा माझा असे. एकदा एका बाईने विचारले, “दादा, या कागदात माझं पोर कुठं हाय?” उत्तर माझ्यापाशी नव्हते. आता पाळणाघर पहिल्या ओळीत लिहितो. याच शहरातल्या विडी कामगार बायांनी झगडून कुंभारीला दहा हजार घरे मिळवली, २००६ मध्ये त्यांत राहायला गेल्या. त्यांना पाळणा मिळवणे अशक्य नाही.

आपण शहरवासीयांनी एवढे करावे. मूल मारहाणीत वा उपाशी दिसले तर १०९८ वर कळवावे. तेथे गय नको. पण शेजारणीचे मूल धुळीत खेळताना दिसले, तर नाव ठेवण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : तिचे हात मोकळे आहेत काय? नसतील, तर दिवसातला एक तास तरी आपले हात तिला द्यावेत, आणि वस्तीत पाळणाघर व्हावे म्हणून तिच्या अर्जावर आपलीही सही असावी.